काळ्या मार्करचा डाग आणि जांभळं लेबल: कलर टच पकडण्याची साधनं आणि तो काढून देणारी सेवा

‘अमेझिंग स्पायडर-मॅन’ या अमेरिकन कॉमिकचा 28वा अंक, सप्टेंबर 1965चा. मुखपृष्ठाची पार्श्वभूमी काळीभोर. अशा मुखपृष्ठावर घडी पडली की वरची शाई तडकते आणि कागदाचा पांढरा गाभा उघडा पडतो. कण्यावर दोन मिलिमीटरची पांढरी रेघ, कोपऱ्यावर राईएवढा पांढरा ठिपका. घरात काळं मार्कर असतंच. पाच सेकंदांत रेघ दिसेनाशी होते, आणि त्याच पाच सेकंदांत तो अंक ‘थोडा वापरलेला’ या गटातून उचलला जाऊन ‘रिस्टोअर केलेला’, म्हणजे दोष झाकायला दुरुस्त केलेला, या गटात पडतो. बाजारात या दोन गटांचे भाव वेगळे, गिऱ्हाईक वेगळं, आणि परतीची वाट फार अरुंद.

या लेखात तीन गोष्टींचं परीक्षण आहे: दोष झाकायला हौशी हाताने भरलेला रंग (यालाच ‘कलर टच’ म्हणतात) पकडायची साधनं, कॉमिक्सचा दर्जा ठरवणाऱ्या सीजीसी या अमेरिकन कंपनीचं जांभळं लेबल, आणि त्यांच्याच घरातली सीसीएस ही सेवा, जी असा रंग काढूनही देते. तिघांचा एकमेकांशी संबंध आहे. साधन चुकीचं घेतलं तर लेबल अचानक समोर येतं, आणि लेबल नीट वाचलं नाही तर सेवेवर पैसे वाया जातात.

आधी फुकटची साधनं

सगळ्यात भरवशाची चाचणी मुखपृष्ठ उघडून आतली बाजू बघण्याची. परमनंट मार्करमध्ये रंगद्रव्य असतं ते प्रोपेनॉल, ब्युटेनॉलसारख्या अल्कोहोलमध्ये विरघळवलेलं. मुखपृष्ठाच्या कागदावर वरून चकचकीत थर असतो, पण घडी पडली तिथे तो फुटलेला असतो. मार्कर नेमकं तिथेच टेकवलं जातं, आणि अल्कोहोल रंगाला घेऊन तंतूंमधून थेट पलीकडे पोचतं. आतल्या पांढऱ्या बाजूवर कण्यालगत करडे, जांभळट किंवा निळसर ठिपके दिसले आणि ते बाहेरच्या घड्यांच्या बरोबर पाठीमागे येत असले, तर पुढच्या चाचण्या फक्त ‘किती’ हे मोजायला उरतात. विक्रेत्याकडून फोटो मागवताना मुखपृष्ठाचा आणि मलपृष्ठाचा फोटो सगळेच मागतात. मागायचा असतो तो उघडलेल्या मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूचा, कणा पूर्ण दिसेल असा, दिवसाच्या उजेडात काढलेला. तो द्यायला टाळाटाळ झाली तर भाव करत बसू नये.

दुसरी चाचणी तिरप्या उजेडाची. अंक डोळ्याच्या पातळीवर आडवा धरायचा आणि दिव्याचा उजेड कागदाला घासून जाईल असा पाडायचा. छपाईची काळी शाई एकसारखी चमकते. मार्करचा पट्टा त्यात वेगळा उठतो: नवा असेल तर किंचित तांबूस-कांस्य झाक, जुना असेल तर जांभळट किंवा तपकिरी. मार्करचं काळं म्हणजे बहुधा तीनचार रंगांचं मिश्रण, आणि ते रंग सारख्या वेगाने विटत नाहीत. अॅक्रिलिक रंग लावला असेल तर उलट तो भाग मॅट दिसतो, किंवा ब्रशच्या रेषांचा बारीक उंचवटा दिसतो.

दहापट भिंग: पैसे वसूल

भिंग घ्यायचं तर दहापटीचं ट्रिपलेट, म्हणजे तीन काचा जोडून केलेलं, घ्यावं. बेलारूसमध्ये बनणारं बेलोमोचं दहापट भिंग दागिन्यांच्या कामात लोक वर्षानुवर्षं वापरतात, आणि कॉमिक्ससाठीही ते उत्तम. कडांना रंगीत झालर दिसत नाही, आणि इथे रंगच तपासायचा असल्याने हा गुण महत्त्वाचा. प्लॅस्टिकच्या, एलईडी लावलेल्या स्वस्त भिंगांवर ‘साठपट’ लिहिलेलं असतं. ते गंभीरपणे घेऊ नये. यूएसबीचा छोटा मायक्रोस्कोप मात्र चालतो, कारण त्यातून फोटो काढून ठेवता येतो. त्याच्या खोक्यावरच्या ‘हजारपट’कडे दुर्लक्ष करायचं.

भिंगातून काय बघायचं? त्या काळची छपाई चार रंगांच्या ठिपक्यांची आहे. ठिपके, त्यांच्यामधली पांढरी जागा, ठरावीक कोनातली रांग. पेन या रांगेला जुमानत नाही. ते ठिपक्यांवरून आणि मधल्या पांढऱ्यावरून सरसकट फिरतं आणि कडेला दाट साचतं. सपाट काळ्यात ठिपके नसतात, तिथे घडीची दरी बघायची. प्रामाणिक घडीत काळा रंग तडकून काठाशी दातेरी थांबतो आणि दरी पांढरी किंवा मळकट पिवळी असते. भरलेल्या घडीत दरीचा तळच काळा असतो आणि तंतू एकेक करून भिजल्यासारखे दिसतात. एवढं कळलं की निम्मं काम झालं.

इथे नवशिके हमखास चुकतात. अंकाच्या कडेवर, पानांच्या वरच्या कापावर, निळा, लाल किंवा हिरवा पट्टा असेल तर तो वितरकाने परतीच्या गठ्ठ्यांची खूण म्हणून फवारलेला रंग असू शकतो. मुखपृष्ठावर पेन्सिलीने किंवा शिक्क्याने टाकलेली तारीख दुकानदाराची असते. आतल्या पानात एखाद्या पोराने रंगवलेला चेहरा हा दोष आहे, रिस्टोरेशन नव्हे, कारण त्यातून काही लपवायचं नव्हतं. कलर टच ठरतो तो दोष झाकण्यासाठी लावलेला रंग. 1950-60च्या दशकांतल्या मार्व्हलच्या अंकांना उजव्या कडेला छपाईखान्याच्या बोथट पात्यामुळे बारीक टवके उडालेले असतात. ‘मार्व्हल चिपिंग’ म्हणतात ते हेच. ‘अमेझिंग फँटसी’ 15सारख्या अंकात त्याचा उपद्रव भारी. त्या टवक्यांच्या काठावर रंग दिसला तर ती अगदी ठरलेली जागा आहे: तिथेच बघावं आणि तिथेच सापडावं.

अतिनील टॉर्च: 365 घ्या, 395 नको

बाजारात बरेचसे स्वस्त ‘यूव्ही’ टॉर्च 395 नॅनोमीटरचे असतात. नोटा तपासायला ते चालतात. कागदासाठी निरुपयोगी, कारण त्यांच्यातून इतका जांभळा उजेड बाहेर पडतो की कागदाची फिकी चमक त्यात बुडून जाते. 365 नॅनोमीटरचा एलईडी आणि त्यावर दिसणारा उजेड अडवणारी झेडडब्ल्यूबी-2 काच, ही जोडी हवी. कॉन्व्हॉय कंपनीचा एस-2 प्लस, निचियाचा 365 एलईडी आणि तीच काच बसवलेला, हे या कामातलं नेहमीचं नाव. एक 18650 सेल लागतो. टॉर्च सरळ डोळ्यात जाऊ द्यायचा नाही. अतिनील अडवणारा साधा चष्मा घालावा, कारण चकचकीत मुखपृष्ठावरून उजेड परत येतो.

खोली पूर्ण काळोखी करायची, डोळ्यांना दोनतीन मिनिटं सरावू द्यायचं, मग कण्यापासून बाहेरच्या दिशेने हळू फिरवायचं. अॅक्रिलिक आणि काही जलरंग भोवतालच्या शाईपेक्षा वेगळे दिसतात, कधी दुधाळ, कधी गडद. गोंद आणि चिकटवलेला कागद तर लगेच उठून दिसतो. कागदात उजळपणासाठी घालायची रसायनं सर्रास आली ती 1950च्या आसपास. त्यामुळे 1940च्या दशकातल्या अंकात एखादा कोपरा निळा-पांढरा झगमगला, तर तो तुकडा नंतर कधीतरी बसवलेला असण्याची दाट शक्यता.

या टॉर्चची मर्यादाही लक्षात ठेवावी. काळं मार्कर काळ्या शाईवर असेल तर अतिनीलमध्ये दोन्ही काळीच. ज्या अंकांवर सगळ्यात जास्त कलर टच होतो, नेमकं त्याच मुखपृष्ठांवर हा टॉर्च आंधळा ठरतो. टॉर्चने काही दिसलं नाही म्हणून ‘तपासलेला, स्वच्छ’ असं जाहिरातीत लिहिणारे पुष्कळ भेटतात.

काळ्यासाठी हवं इन्फ्रारेड. छपाईची काळी शाई कार्बनची असते आणि ती 850 नॅनोमीटरच्या उजेडातही काळी राहते. मार्करचं काळं रंगद्रव्याचं असतं. ते त्या उजेडात पारदर्शक होतं आणि खालची पांढरी घडी जशीच्या तशी वर येते. हे पहिल्यांदा बघताना जादूच वाटते. यासाठी महाग यंत्र लागत नाही. साध्या वेबकॅमच्या लेन्समागची इन्फ्रारेड अडवणारी चकती काढली, लेन्स थोडी सैल करून जवळचं फोकस आणलं आणि 850चे एलईडी लावले की झालं. खोलीतले बाकी दिवे बंद. जुन्या सोनी हँडीकॅमचा नाइटशॉटही हेच करतो. घरच्या सीसीटीव्ही कॅमेऱ्याच्या रात्रीच्या मोडसमोर अंक धरूनही अंदाज येतो, पण हे कॅमेरे जवळचं धुरकट दाखवतात, म्हणून सेंटिमीटरभर लांबीचेच पट्टे कळतात. फसवणारी एकच गोष्ट: कार्बन असलेली पिगमेंट शाई किंवा चायनीज इंक वापरली असेल तर इन्फ्रारेडही हात टेकतो. तेव्हा परत भिंग आणि आतली बाजू.

क्रम लावायचा तर आतली बाजू, भिंग, इन्फ्रारेड, आणि शेवटी अतिनील. बहुतेक लोक उलट क्रमाने खरेदी करतात.

जांभळं लेबल: निदान चांगलं, शिक्षा बेहिशेबी

सीजीसी 2000 साली सुरू झाली. आज तिचं मुख्य काम फ्लोरिडातल्या सॅरासोटा इथून चालतं. 0.5 ते 10 असा दर्जा, अंक कडक प्लॅस्टिकच्या डबीत (हीच ‘स्लॅब’) बंद, वर लेबल. निळं लेबल म्हणजे कुठलंही रिस्टोरेशन सापडलं नाही. जांभळं म्हणजे सापडलं. त्याखेरीज ‘कन्झर्व्ह्ड’ असं वेगळं लेबल आहे, ते फाटलेलं जोडणं, कण्याला आधार देणं अशा टिकवण्याच्या कामांसाठी, जपानी कागद आणि गव्हाच्या खळीसारखी योग्य सामग्री वापरली असेल तरच. रंग लावला की त्या लेबलची दारं बंद.

जांभळ्या लेबलवर दर्जाबरोबर एक अक्षर आणि एक आकडा येतो. अक्षर कामाच्या गुणवत्तेचं: ए उत्तम, बी बरं, सी हौशी. आकडा प्रमाणाचा: 1 म्हणजे किंचित, 5 म्हणजे भरपूर. मार्करचा ठिपका म्हणजे सी-1. पूर्वी ‘स्लाइट’ (किंचित) या शब्दाशेजारी प्रोफेशनलचा पी किंवा अमॅच्युअरचा ए छापलेला असायचा. जुन्या स्लॅबवर तो ए दिसला तर आताचा उत्तम कामाचा ए समजू नये. तो अर्थ नेमका उलटा आहे, आणि या घोटाळ्यात लोक फसतात.

ही पद्धत पूर्वीच्या अंदाजपंचेपेक्षा कितीतरी बरी. तरी तीन उणिवा खटकतात. पहिली, लेबलवर ‘मुखपृष्ठावर थोडा कलर टच’ एवढंच येतं. नेमका कुठे आणि कशाने, हे नसतं, आणि काढता येईल की नाही हे ठरतं त्याच दोन गोष्टींवर. दुसरी, बाजार अक्षर-आकडा वाचतच नाही, रंग वाचतो. अमेरिकेत ‘पर्पल लेबल ऑफ डेथ’ हे टोपणनाव उगाच पडलेलं नाही. दोन मिलिमीटर मार्कर असलेला सी-1 आणि अर्धं मुखपृष्ठ रंगवलेला सी-5 दोघांकडेही बरेचसे ग्राहक बघत नाहीत. हाताएवढी फाट असलेला निळा अंक मात्र हातोहात जातो. तिसरी, सीजीसी स्वतःच्या अखत्यारीत काही जुन्या अंकांना अगदी नगण्य कलर टच असूनही निळं लेबल देते, दर्जाखाली तशी नोंद करून. ही सवलत शहाणी आहे, पण नगण्य म्हणजे किती, याची मोजपट्टी ग्राहकाच्या हातात नाही.

ग्राहकाने दोन सवयी लावून घ्याव्यात. स्लॅबवरचा प्रमाणपत्र क्रमांक संकेतस्थळावर टाकून बघायचा. आणि ‘स्लॅबमधून काढलेला’ सुटा अंक विकत घेताना जुनं लेबल मागायचं. जांभळी स्लॅब फोडून सुटा अंक ‘कधीच ग्रेड न केलेला’ म्हणून विकणं ही जुनी युक्ती आहे.

काढता येतं का? माध्यमावर ठरतं

रंग कशाने भरलाय हे कळल्याशिवाय हात लावू नये. जलरंग आणि गोंदमिश्रित पोस्टर रंग पाण्यात सुटतात, पण मुखपृष्ठाचा थर पाण्याने फुगतो, पिना गंजतात आणि ओलाव्याची सीमारेषा तपकिरी होऊन कायमची राहते. म्हणून बोळा ओला करायचा नसतो, दमट करायचा असतो: टिपकागदावर टेकवला तर डाग उठता कामा नये, इतका. घासायचं नाही, लोळवायचं. खाली टिपकागद, आणि प्रत्येक फेरीला बोळ्याची नवी बाजू. अॅक्रिलिक वर पापुद्र्यासारखं बसतं. 99 टक्के आयसोप्रोपिलने मऊ पडतं आणि बोळ्यावर येतं. सत्तर टक्केवालं घेऊ नये, त्यातल्या तीस टक्के पाण्याने कागद आकसतो आणि तरंगतो. मेणखडू आधी बोथट पात्याने हलकेच उचलून मग लायटरमधल्या नॅफ्थाने. रंगीत पेन्सिलीचं मेण मळता येणाऱ्या खोडरबराने टिपून काढावं. घासलं तर छपाईची चमक आधी जाते आणि पेन्सिल नंतर.

छपाईची शाई तेलाची असते म्हणून अल्कोहोलला दाद देत नाही, हे ढोबळ खरं. पण काही लाल आणि गुलाबी शाया अल्कोहोलमध्ये सुटतात, आणि त्या कोणत्या हे डोळ्यांनी कळत नाही. त्याच प्रकाशनाचा, त्याच दशकातला, मुखपृष्ठ फाटलेला रद्दी अंक चाचणीसाठी जवळ असावा.

आणि मार्कर? इथे घरगुती प्रयोग बहुतेक वेळा नुकसानच करतात. अल्कोहोल लावलं की रंग सुटतो, पण जायला जागा नसते. तो बाजूच्या कोऱ्या तंतूंमध्ये पसरतो आणि दोन मिलिमीटरच्या रेघेभोवती सहा मिलिमीटरचं जांभळं वर्तुळ उमटतं. म्हणजे झाकलेला दोष परत आला, आणि सोबत डागही. अॅसिटोन याहून वेगवान, म्हणून याहून वाईट. व्यावसायिक कार्यशाळेत यासाठी सक्शन टेबल असतं. कागदाखालून हवा ओढली जाते, वरून थेंबाथेंबाने द्रावक सोडलं जातं आणि रंग बाजूला पसरायच्या आत खालच्या टिपकागदात उतरतो. घरात याला पर्याय नाही.

आणखी एक चूक, आणि ही वाढत चालली आहे: आधी प्रेसिंग (सुरकुत्या सपाट करायला अंक दाबणं), मग बघू. प्रेसमधली उष्णता आणि दमटपणा यांनी पाण्यात सुटणारा रंग वरच्या कागदावर छापला जातो, मेणखडू वितळून मुरतो. कलर टचचा संशय असेल तर प्रेस सगळ्यात शेवटी.

स्काल्पेलने खरवडणारेही आहेत. रंग जातो, पण थरही जातो, आणि भिंगाखाली खरवडलेली जागा केसाळ दिसते. कडेचा रंगीत भाग कापून टाकणं तर उघड घात: कड छाटणं हेच मुळी रिस्टोरेशन धरलं जातं, त्यामुळे जांभळं लेबल जाण्याऐवजी पक्कं होतं.

सीसीएस: कोणासाठी, कोणासाठी नाही

मॅट नेल्सन यांची क्लासिक्स इन्कॉर्पोरेटेड ही टेक्सासमधली संस्था सीजीसीच्या मूळ कंपनीने 2012मध्ये घेतली आणि ती क्लासिक कलेक्टिबल सर्व्हिसेस, म्हणजे सीसीएस झाली. प्रेसिंग आणि कोरडी सफाई ही तिची रोजची कामं. रिस्टोरेशन काढणं हे वेगळं, नाजूक काम. मोठा फायदा असा की अंक तिथून थेट ग्रेडिंगला जातो, मधे टपालाची एक फेरी वाचते. नाजूक कागदासाठी ही फेरी वाचणं छोटी गोष्ट नाही. तोटा हाही त्याच गोष्टीत: दुरुस्ती करणारा आणि दर्जा ठरवणारा एकाच छपराखाली. विभाग वेगळे असले तरी हा प्रश्न संग्राहक विचारतात आणि विचारत राहावा.

ही सेवा मार्कर जादूने नाहीसं करून देत नाही. पाठवण्याआधी हिशेब मांडावा. समजा जांभळं 8.0, सी-1 आहे, आणि मार्करखाली कण्यावर पाचसहा पांढऱ्या घड्या आहेत. रंग पूर्ण निघाला तर त्या घड्या मोजल्या जातील आणि दर्जा 6.0च्या आसपास उतरेल. मग हेरिटेज ऑक्शन्स या अमेरिकन लिलावगृहाच्या जुन्या विक्रीनोंदी उघडायच्या आणि त्याच अंकाच्या जांभळ्या 8.0ची निळ्या 6.0शी तुलना करायची, 9.2शी नाही. फरकातून काम, ग्रेडिंग, दोन्ही बाजूंचं टपाल आणि विमा वजा करून हाती काही उरलं तरच पुढे जायचं. 1960च्या दशकातल्या मोठ्या अंकांमध्ये बऱ्याचदा उरतं. 1970नंतरच्या सामान्य अंकांमध्ये जवळजवळ कधीच नाही. तिथे जांभळा अंक वाचायला घ्यावा, स्वस्तात मिळतो.

आतल्या बाजूपर्यंत झिरपलेल्या काळ्या मार्करसाठी अपेक्षा कमीच ठेवावी. वरचा रंग निघाला तरी आत सावली राहते, आणि सावली राहिली तर लेबल जांभळंच. अॅक्रिलिक, जलरंग, पेन्सिल यांच्या बाबतीत निकाल चांगला लागण्याची शक्यता खूप जास्त. म्हणून अर्ज भरताना माध्यमाचा अंदाज, आतल्या बाजूचे फोटो आणि इन्फ्रारेडचा फोटो सोबत द्यावा, आणि ‘पूर्ण निघणार नसेल तर हात लावू नका’ असं स्पष्ट लिहावं. अर्धवट काढलेला रंग ही सगळ्यात वाईट अवस्था: दर्जाही गेला आणि लेबलही बदललं नाही.

स्लॅब फोडून पाठवत असाल तर जुनं लेबल सोबत जोडा. नाहीतर सीजीसीच्या गणनेत तोच अंक दोनदा दिसत राहतो, एकदा जांभळा आणि एकदा निळा.

भारतातून पाठवायचं असेल तर खरी डोकेदुखी परतीची. अंक बाहेर जातानाच दुरुस्ती-ग्रेडिंगसाठी तात्पुरता पाठवत असल्याचे कागद, अंकाचे फोटो आणि मूल्य यांची नोंद करून ठेवावी. नाहीतर परत येताना कस्टम्ससमोर तो अंक तुमचाच होता हे पटवत बसावं लागतं. एकेक अंक पाठवण्यापेक्षा अधिकृत डीलरमार्फत चारपाच मिळून पाठवणं परवडतं.

इंद्रजालसाठी वेगळा तराजू

मराठी संग्राहकांच्या कपाटात अमेरिकन अंकांपेक्षा इंद्रजाल कॉमिक्स जास्त असतात. मार्च 1964पासून 1990पर्यंत टाइम्स ऑफ इंडियाने काढलेले, आणि मराठीतही. या अंकांवर कलर टच असतो तो वेताळाच्या पोशाखावर आणि कण्यावर, आणि बहुतेक वेळा मार्करने नाही, स्केचपेनने. स्केचपेनची शाई पाण्याची. ती पलीकडे कमी झिरपते पण बाजूला जास्त पसरते, आणि पावसाळ्यात दमट कपाटात समोरच्या पानावर उतरते. जोडीला सेलोटेप, वाचनालयाचा शिक्का, बाइंडिंगसाठी पाडलेली भोकं, कसरीने खाल्लेल्या कडा. या सगळ्यांसमोर स्केचपेनचा ठिपका हा चिल्लर गुन्हा आहे. इथे रंग काढायला जाऊ नये. अंक मेलिनेक्स 516च्या (पारदर्शक पॉलिएस्टर फिल्मच्या) पाकिटात, मागे आम्लविरहित पुठ्ठा, आणि स्केचपेन लावलेल्या पानासमोर एक आम्लविरहित कागद. विकताना वर्णनात सरळ लिहावं: ‘कण्यावर दोन ठिकाणी निळं स्केचपेन, आतल्या बाजूला उतरलेलं नाही.’ घेणारा याहून जास्त काही मागत नाही, आणि भावही फारसा पडत नाही.

गुण

बेलोमो भिंग: पाचपैकी पाच. घडी ओळखायला शिकायला आठवडा लागतो, मग बाकी साधनांची गरज निम्मी होते.

कॉन्व्हॉय 365 टॉर्च: पाचपैकी साडेतीन. गोंद, जोडलेला कागद आणि अॅक्रिलिक यांना उत्तम, काळ्या मार्करला शून्य.

चकती काढलेला वेबकॅम आणि 850 एलईडी: साडेचार. अर्धा गुण कापला तो कार्बनच्या शाईसाठी आणि लेन्स नीट बसवताना जाणाऱ्या संध्याकाळीसाठी.

सीजीसीचं जांभळं लेबल: तीन. पकडण्यात चूक क्वचित, सांगण्यात कंजूष.

सीसीएसचं रिस्टोरेशन काढणं: अॅक्रिलिक आणि जलरंगासाठी चार. मार्करसाठी दोन, तेही आतली बाजू कोरी असेल तर.